रीतीचे गुण

खराडीत, फरश्यांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर
त्यांनी माझं घड्याळ काढून घेतलं, पट्टा, पाकीट,
बाह्या वर करायला लावल्या,
चष्म्याच्या काड्या उजेडात धरून पाहिल्या.
मी शेहेचाळीस वर्षांचा. भोसरीत गिअरच्या एका कारखान्यात
सर्व्हर सांभाळतो.
आणि ही परीक्षा तिसऱ्यांदा.

उत्तर एकच असेल तिथं गोल.
चौकोन दिसला की समजायचं, अनेक आहेत.
‘लागू असतील ती सर्व निवडा.’
किती, ते लिहिलेलं नव्हतं.

प्रश्न एकोणचाळीस : रात्रीचे दोन वाजले आहेत.
यंत्रणा बंद पडली आहे. बॅकअप आहे, पण उघडत नाही.
तुम्ही काय काय कराल?

हे मला विचारायचं?
मागच्या धनत्रयोदशीला हीच रात्र
मी आणि इरफान मुलाणीनं काढली होती,
एसीच्या गारठ्यात कानाला मफलर बांधून,
आणि पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी
सगळं पुन्हा उभं केलं होतं.
मी अ-ला खूण केली, क-ला केली, ड-ला तर डोळे मिटून.
मग बाण इ-पाशी जाऊन थांबला,
उंबऱ्यावरच्या पाहुण्यासारखा,
बोलावलं तर येईन अशा बेतानं.
बोलावलं.

इ चुकलं बहुधा.
बहुधाच, कारण यंत्र ते सांगत नाही.
सहाशे चौऱ्याण्णव. हवे होते सातशे.
कागदावर विभागवार पट्ट्या, एकीपुढं ‘सुधारणेस वाव’.
तीन बरोबर, एक जादा,
पदरात शून्य.

खाली इरफान गाडीला टेकून उभा.
म्हणाला, काही परीक्षांत प्रत्येक बरोबर खुणेचा वाटा मिळतो,
काही ठिकाणी चुकीच्या खुणेचं कापतात,
पण शून्याच्या खाली नेत नाहीत.
इथलं तसं नाही. इथं सगळं, नाहीतर काहीच नाही.
हा कुठला न्याय, मी विचारलं.
तो हेल्मेटची काच शर्टाला पुसत राहिला.
‘घराला तीन दारं. दोन लावलीस.
घर किती बंद झालं?’

नीरेच्या शाळेत जगदाळे गुरुजी होते.
काळ-काम-वेगाच्या गणितात
मी भरायचा हौद रिकामा करून ठेवला होता.
त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं उत्तर खोडलं
आणि समासात, बारीक, दीड लिहिला.
‘रीत बरोबर आहे रे. हौद चुकला.’
त्या दीडावर मी पस्तीसला टेकलो.
कधी वाटतं, त्या दीडावरच इथवर आलोय,
लग्न, गृहकर्ज, सर्व्हरची ती थंडगार खोली.
आणि कधी वाटतं,
तो हौद अजून कुठंतरी रिकामा होतोय.

मुंढव्याच्या पुलावर अडकलो तेव्हा शैलजाचा फोन.
‘मी पोचतेच आहे घरी. सकाळी गॅस बंद केला होतास?’
केला होता.
‘मागची कडी?’
लावली.
‘आणि मोटर? या महिन्यात पाळी आपली आहे.’

मागचे हॉर्न वाजवत होते.

मांजरीत, आमच्या आठ बिऱ्हाडांच्या इमारतीत
गच्चीवरचं पाणी जिन्यानं
पायरी पायरीनं, अगदी रीतीनं, उतरत होतं.
तळमजल्याचे निगडे बादली घेऊन उभे.
त्यांनी मला किती दिले
ते इथं लिहिण्याजोगं नाही.

शैलजा बटण बंद करून आली. ओढणी कमरेला बांधली,
पुसायचं मोठं फडकं माझ्या हातात दिलं,
निकालाचं काही विचारलं नाही.
‘कडी तरी लावलीस,’ म्हणाली,
आणि वरच्या पायरीपासून सुरुवात केली.